निकालाच्या दिवशी राहून जाणारा प्रश्न : फौजदारी न्यायालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील न्यायदंडाधिकारी व सत्र न्यायाधीश, सरकारी वकील, बचाव पक्षाचे वकील, लोक अभिरक्षक (विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेले बचाव वकील), तसेच महिला व बाल विकास विभागातील जिल्हा परिवीक्षा अधिकारी यांस

विषय : आरोपी दोषी ठरल्यावर, शिक्षा सुनावण्याआधी, अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा विचार करण्याबाबत

महोदय / महोदया,

आरोपी दोषी ठरतो. शिक्षेबाबत काय म्हणायचे आहे असे त्याला विचारले जाते. रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारखेनिहाय नोंदीत, पुष्कळदा एकच वाक्य उतरते : ‘आरोपी गरीब आहे, घरात एकटा कमावता आहे, दया दाखवावी.’ निकालपत्रात त्याचे उत्तरही एका वाक्यात येते : ‘गुन्ह्याचे गांभीर्य पाहता प्रोबेशनचा फायदा देणे उचित वाटत नाही.’ प्रोबेशन, म्हणजेच परिवीक्षा : दोषी ठरलेल्याला लगेच शिक्षा न सुनावता सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडणे. या दोन वाक्यांच्या मध्ये कायद्याने एक संपूर्ण टप्पा ठेवलेला आहे. आरोपी पात्र आहे का ते पाहायचे, त्याच्या परिस्थितीबद्दल परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, तो वाचायचा, आणि मग हो किंवा नाही म्हणायचे. हा टप्पा गाळला जातो, म्हणून हे पत्र.

प्रत्येकाला सोडा असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाही शिक्षा सुनावू नका, एवढेच म्हणणे आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेल्लम्मल खटल्यात हेच सांगितले. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ च्या अटी जिथे लागू होतात आणि दुसऱ्या कायद्याने मनाई केलेली नाही, तिथे प्रोबेशनचा विचार टाळण्याची मुभा न्यायालयाला नाही. द्यायचे की नाही हे विवेकाचे काम आहे. विचार करणे मात्र बंधनकारक आहे. तो खटला विवाहितेच्या छळाचा, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ चा होता. लहानसहान चोरीचा नव्हता.

पात्रतेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज ‘गंभीर गुन्हा’ या शब्दातून येतो. कलम ४ मध्ये हा शब्द नाही. रेष एकच आहे : गुन्ह्याला मृत्युदंड किंवा आजन्म कारावास होऊ शकतो का? होऊ शकत असेल तर कलम ४ चे दार बंद, नसेल तर उघडे. वर्षांचा आकडा कितीही असो. रात्री घर फोडून चोरी केली तर जुन्या दंड संहितेच्या कलम ४५७ खाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१(४) खाली १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरीही कलम ४ लागू होते. उलट सरकारी नोकराने केलेला विश्वासघाती अपहार (जुने कलम ४०९, नवे ३१६(५)) कमी रकमेचा असला तरी तिथे आजन्म कारावासाची तरतूद आहे, म्हणून प्रोबेशन नाही. घातक हत्याराने गंभीर दुखापत (जुने ३२६, नवे ११८(२)) याच कारणाने बाहेर राहते. हत्याराशिवाय गंभीर दुखापत (जुने ३२५, नवे ११७(२)) आत येते. साधी जबरी चोरी आत, जबरी चोरी करताना इजा केली तर बाहेर, दरोडा बाहेर. फसवणूक आत, पण मूल्यवान रोख्याची, म्हणजे कायदेशीर हक्क निर्माण करणाऱ्या किंवा सोडणाऱ्या दस्तऐवजाची, बनावट (जुने ४६७, नवे ३३८) बाहेर.

म्हणून कलम कोणते लागले याला इतके महत्त्व आहे. आणि पाहायचे ते दोषसिद्धीचे कलम. फिर्यादीतले किंवा दोषारोपपत्रातले नव्हे. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला होता, पुराव्यात साधी दुखापत तेवढी सिद्ध झाली, तर पात्रता साध्या दुखापतीवरून ठरते. जमिनीच्या कागदपत्रांच्या भांडणात ४६७ सहज जोडले जाते. कागद खरोखर ‘मूल्यवान रोखा’ या व्याख्येत बसतो का, यावर बचाव पक्षाने युक्तिवादातच जोर दिला नाही, तर शिक्षेच्या सुनावणीला प्रोबेशन मागण्याची सोयच उरत नाही. वकिलांनी शिक्षेची तयारी निकालाच्या दिवशी सुरू करून भागत नाही ते यासाठी.

काही कायद्यांनी स्वतःच मनाई केली आहे. अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३३ नुसार १८ वर्षांवरील व्यक्तीला प्रोबेशन नाही. अपवाद फक्त त्याच कायद्याच्या कलम २६ आणि २७ चा. २७ म्हणजे सेवनाचा गुन्हा. अल्प प्रमाणातल्या पदार्थासाठी दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कलम ३९ खाली त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडण्याची वेगळी वाटही त्या कायद्यात आहे. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ ने १८ वर्षांवरील आरोपीसाठी प्रोबेशन बंद केले आहे, आणि ते योग्यच आहे असे आम्ही मानतो. लाचलुचपतीच्या गुन्ह्यातही ते मिळत नाही. १९५८ च्या अधिनियमाच्या कलम १८ मध्ये १९४७ च्या लाचलुचपत कायद्याचा उल्लेख आहे, आणि तो १९८८ च्या कायद्यालाही लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रतनलाल अरोरा प्रकरणात ठरवले.

किमान शिक्षेची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. ‘या कलमाला किमान शिक्षा आहे, त्यामुळे प्रोबेशनचा प्रश्नच येत नाही,’ असे निकालपत्रांतून लिहिले जाते. ईशर दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अन्नभेसळीच्या किमान शिक्षेमुळेही कलम ४ अडत नाही असे १९७२ मध्येच म्हटले. २०२१ मध्ये लखवीर सिंग प्रकरणात दंड संहितेच्या कलम ३९७ खालच्या ७ वर्षांच्या किमान शिक्षेबाबतही तेच सांगितले. अडथळा येतो तो १९५८ नंतरच्या एखाद्या विशेष कायद्याने ‘इतर कायद्यात काहीही असले तरी’ अशा शब्दांत किमान शिक्षा बांधून घातली असेल तेव्हा. किमान शिक्षा आहे एवढे लिहून पुढे जाता येत नाही. ती कोणत्या कायद्यात, कोणत्या शब्दांत आणि कधीपासून आहे, हे पाहावे लागते.

अर्जातच होणारी एक चूक इथे सांगायला हवी. वकील सवयीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६० खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०१ खाली अर्ज करतात. त्या कलमाची चौकट अरुंद आहे. २१ वर्षांवरील पुरुषासाठी ७ वर्षांपर्यंतचेच गुन्हे त्यात बसतात, आणि आधीची दोषसिद्धी नसणे ही अट आहे. मग अर्ज या दोन कारणांवर फेटाळला जातो. जिथे अपराधी परिवीक्षा अधिनियम अमलात आहे तिथे त्या कलमाऐवजी अधिनियमच लागतो, आणि महाराष्ट्रात तो अमलात आहे. कलम ४ मध्ये ७ वर्षांची मर्यादा नाही. आधीची दोषसिद्धी ही आपोआप अपात्रता ठरेल असे शब्दही त्यात नाहीत. ती ‘चारित्र्य’ तपासताना विचारात घेतली जाईल, एवढेच. आधीची दोषसिद्धी अडवते ती कलम ३ मध्ये, म्हणजे ताकीद देऊन सोडण्याच्या तरतुदीत. तिथे आधी मिळालेले प्रोबेशन किंवा ताकीदसुद्धा मोजली जाते.

आणि प्रलंबित खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पोलीस ठाण्याकडून आलेली गुन्ह्यांची यादी निकालपत्रात ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ म्हणून उतरते, तेव्हा त्यातल्या किती नोंदींत शिक्षा झाली, किती सुटल्या, किती अजून चालू आहेत, हे विचारले जात नाही. पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या माणसांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘सराईत’ हा शब्द त्यांच्या नावापुढून अजून गेलेला नाही. परिवीक्षा अहवालात हा शब्द लिहायचा असेल तर त्यापुढे दोषसिद्धीचा खटला क्रमांक आणि तारीख लिहा. नसेल तर शब्द काढा.

आता अहवालाविषयी. कलम ४(२) मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल ‘असल्यास’ विचारात घ्यावा असे शब्द आहेत. त्या ‘असल्यास’वर बोट ठेवून अहवाल मागवलाच जात नाही. २००५ मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने अहवालाविना दिलेले प्रोबेशन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्या प्रकरणात आरोपीने दुसऱ्या एका खटल्यातली आपली दोषसिद्धी दडवली होती. अहवाल मागवला असता तर ती उघड होण्याची संधी होती. म्हणजे अहवाल फिर्यादी पक्षाच्याही कामाचा आहे. सरकारी वकिलांनी प्रोबेशनला नुसता विरोध नोंदवण्यापेक्षा ‘आधी अहवाल मागवा’ असे म्हणणे त्यांच्याच हिताचे आहे.

दोषी ठरणारी व्यक्ती २१ वर्षांखालील असेल तर कलम ६ लागते आणि गणित उलटे होते. तिथे कारावास हा अपवाद आहे. कलम ३ किंवा ४ वापरणे इष्ट का नाही, याची कारणे लिहिल्याशिवाय तुरुंगात पाठवता येत नाही, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणे सक्तीचे आहे. वय कोणत्या दिवशीचे धरायचे यावर अजूनही गोंधळ दिसतो. रामजी मिस्सर निकालापासून हे ठरलेले आहे : खालचे न्यायालय आरोपीला दोषी ठरवून त्याच्याबाबत आदेश देते त्या दिवशीचे वय. गुन्ह्याच्या दिवशीचे नाही, अपिलाच्या दिवशीचेही नाही. १९ व्या वर्षी गुन्हा घडला आणि खटला चार वर्षे रेंगाळला, तर कलम ६ चे संरक्षण गेले. विलंबाची ही किंमत तरुण आरोपी मोजतो. म्हणून १८ ते २१ वयाच्या आरोपींचे खटले बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, वेगळ्या खुणेने ठेवा, वाढदिवसाची तारीख फायलीच्या पहिल्या पानावर लिहा आणि शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला आरोप निश्चितीच्या वेळीच दाखल करून घ्या. निकालाच्या दिवशी दाखला शोधत बसले की तारीख पडते, आणि तेवढ्यात वय उलटते.

२१ पूर्ण झालेल्यांच्या बाबतीतही नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०२ (जुने ३६१) आहेच. प्रोबेशन देता येत असताना दिले नाही, तर विशेष कारणे लिहावी लागतात. ‘गुन्हा गंभीर आहे’ हे विशेष कारण होऊ शकत नाही. त्या कलमाखालच्या प्रत्येक आरोपीला ते लागू पडते. या माणसाबाबत, या घटनेबाबत वेगळे काय, ते लिहिले तर ते कारण. निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूला कारण झाल्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग प्रकरणात प्रोबेशनबाबत कडक भूमिका घेतली आहे. तिचा आधार घेऊन नाकारले तर ते कारण समजण्यासारखे आहे. न्यायालयाने आपले कारण शब्दांत मांडावे, एवढीच अपेक्षा आहे.

अहवाल वेळेत येत नाही, ही न्यायालयांची तक्रार खरी आहे. जिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी मोजके, आणि त्यांच्याकडे बाल न्याय मंडळाच्या सामाजिक तपासणीची कामेही असतात. यावर कायद्यातच दोन वाटा आहेत, त्या फारशा वापरल्या जात नाहीत. पहिली : कलम १४ मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्याने ‘आरोपी’च्या परिस्थितीची चौकशी करायची असे शब्द आहेत, दोषसिद्धाच्या नव्हे. म्हणजे खटला अंतिम युक्तिवादाला लागला की चौकशीचे निर्देश देता येतात. अहवाल बंद पाकिटात येईल आणि दोषी ठरल्यावरच उघडेल, असे निर्देशातच लिहावे. निर्दोष सुटला तर पाकीट न उघडता परत. यात पूर्वग्रहाचा धोका राहत नाही आणि एक-दोन तारखा वाचतात. दुसरी : कलम १३ नुसार अपवादात्मक प्रकरणात न्यायालयाला योग्य वाटेल त्या अन्य व्यक्तीलाही परिवीक्षा अधिकारी म्हणून काम देता येते. दुर्गम तालुक्यात, जिथे अधिकारी महिनाभर पोहोचू शकत नाही, तिथे निवृत्त मुख्याध्यापक किंवा समाजकार्याचा प्रशिक्षित माणूस हे काम करू शकतो.

परिवीक्षा अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की ‘वर्तणूक चांगली आहे, सोडण्यास हरकत नाही’ असा अहवाल पाठवू नका. तो न्यायाधीशांच्या काहीही उपयोगाचा नसतो, आणि असे पाच-सहा अहवाल वाचले की ते सातवा मागवणे सोडून देतात. घरी जा. फोनवर किंवा ठाण्यात बसून ही चौकशी होत नाही. घरात कोण कोण आहे, कमावते कोण, आरोपी काय काम करतो आणि मालक त्याला परत ठेवायला तयार आहे का, शाळा कुठपर्यंत, दारू किंवा दुसरे व्यसन आहे का, शेजारी काय म्हणतात, घडल्या गोष्टीबद्दल तो स्वतः काय म्हणतो, भरपाई किती आणि किती हप्त्यांत देऊ शकेल. पोलीस पाटलाची सही पुरेशी नाही, त्याच्याशी आरोपीच्या घराचे भांडणही असू शकते. ज्याचे नुकसान झाले त्यालाही भेटा. आणि शेवटी अटी सुचवा : कुठे राहावे, कोणाच्या दारात जाऊ नये, किती दिवसांनी भेटावे. अटी सुचवणारा अहवाल आला की न्यायाधीशांचे निम्मे काम झालेले असते.

अहवाल गोपनीय आहे, पण आरोपीविरुद्ध जाणारा भाग त्याला अंधारात ठेवून वापरायचा नाही. कलम ७ नुसार न्यायालय त्यातला आशय आरोपीला सांगू शकते आणि पुरावा देण्याची संधी देऊ शकते. ती संधी मागणे हे वकिलाचे काम.

आदेश लिहिताना होणाऱ्या चुका तर जवळपास ठरलेल्या आहेत. सर्वांत जास्त दिसणारी : ‘सहा महिने सक्तमजुरी व ५०० रुपये दंड, मात्र प्रोबेशनवर सोडण्यात येते.’ कलम ४ चे शब्द आहेत ‘लगेच शिक्षा सुनावण्याऐवजी’. शिक्षा सुनावली की प्रोबेशनला जागा राहत नाही. दंडही शिक्षाच आहे, तोही लावता येत नाही. पैसे घ्यायचेच असतील तर कलम ५ खाली जखमीला किंवा फिर्यादीला भरपाई आणि खटल्याचा खर्च द्यायला लावता येतो, आणि दंडासारखीच त्याची वसुली होते. मारहाणीच्या खटल्यात दवाखान्याची बिले फाईलला असतात, त्यांकडे पाहून रक्कम ठरवा. सरकारजमा होणाऱ्या ५०० रुपयांनी फ्रॅक्चर झालेल्या माणसाला काय मिळते?

बरोबर आदेश साधारण असा असतो : ‘आरोपीस कलम अमुक खाली दोषी ठरवण्यात येते. तूर्त शिक्षा न सुनावता, अधिनियमाच्या कलम ४(१) अन्वये, रुपये १५,००० चे वैयक्तिक बंधपत्र दिल्यावर त्यास दोन वर्षांसाठी सोडण्यात येते. या मुदतीत बोलावल्यास त्याने हजर राहून शिक्षा घ्यावी, शांतता राखावी व सद्वर्तन ठेवावे. कलम ४(३) अन्वये पहिले एक वर्ष तो परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहील व महिन्यातून एकदा भेटेल. कलम ५ अन्वये जखमीस रुपये इतके दोन महिन्यांत द्यावेत.’ बंधपत्राची कमाल मुदत तीन वर्षे. देखरेख ठेवली तर ती किमान एक वर्षाची. देखरेख ठेवलीच पाहिजे असे नाही. शेतीच्या बांधावरून एकदाच हात उचललेल्या पन्नाशीतल्या माणसाला दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून काय साधणार? त्याला नुसते बंधपत्र पुरे. व्यसनामुळे चोरी करणाऱ्या विशीतल्या मुलाला मात्र देखरेख हवीच, आणि व्यसनापासून दूर राहण्याची अट कलम ४(४) मध्ये नावानिशी सांगितलेली आहे.

जामीनदाराची सक्ती करू नका. ‘जामीनदारासह किंवा त्याविना’ असे कायदा म्हणतो. ऐपतीचा दाखला मागितला की गरीब आरोपीसाठी प्रोबेशनचा आदेश कागदावर राहतो. कायमच्या राहण्याच्या जागेची अटही नीट वाचा. आरोपीची किंवा त्याच्या जामीनदाराची, यांपैकी एकाची कायम जागा किंवा नियमित काम असले तरी चालते, आणि ते न्यायालयाच्या हद्दीत किंवा आरोपी जिथे राहणार आहे तिथे असले तरी चालते. बीडचा ऊसतोड कामगार हंगामात कोल्हापूरला असतो म्हणून तो अपात्र ठरत नाही. त्याच्या बंधपत्रात दोन पत्ते लिहा, गावचा आणि कारखान्याच्या तळावरचा. पत्ता बदलला तर अट बदलून घेण्यासाठी कलम ८ आहे. ही गोष्ट आरोपीला त्याच्या भाषेत समजावून सांगणे कलम ४(५) ने न्यायालयावरच टाकले आहे.

त्याच पोटकलमात देखरेखीच्या आदेशाची प्रत आरोपीला, जामीनदाराला आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला ताबडतोब द्यावी असे आहे. ही प्रत कार्यालयातून निघाली नाही, तर देखरेख सुरूच होत नाही. कोणी भेटत नाही, कोणी विचारत नाही, दोन वर्षे उलटतात आणि ‘प्रोबेशन म्हणजे मोकळे सोडणे’ हा समज पक्का होतो. शिरस्तेदारांनी जावक क्रमांक रोजनाम्यात लिहावा, एवढी साधी गोष्ट आहे.

अट मोडली तर काय? कलम ९. परिवीक्षा अधिकारी कळवतो, न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढते, बाजू ऐकते. मोडल्याचे सिद्ध झाले तर मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथेच सुनावता येते. पहिलीच चूक असेल तर बंधपत्र चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करता येतो. तो ५० चा आकडा १९५८ चा आहे आणि आजही तोच आहे. संसदेने तो बदलायला हवा. तोवर निदान मूळ शिक्षेची टांगती तलवार खरी आहे हे आरोपीला कळेल असे बोला.

बचाव पक्षाच्या वकिलांशी आणि लोक अभिरक्षकांशी आम्हाला एका गोष्टीवर सविस्तर बोलायचे आहे. शेजाऱ्यांतली मारहाण, सार्वजनिक ठिकाणचा जुगार, किरकोळ चोरी अशा खटल्यांत ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटशील’ हा सल्ला सर्रास दिला जातो. आतमध्ये तीन महिने काढलेल्याला ‘भोगलेली शिक्षा पुरेशी’ या आदेशावर सोडवून आणले जाते. आरोपीला वाटते, प्रकरण मिटले. वर्षभराने तो पोलीस भरतीला जातो, चारित्र्य पडताळणी होते, आणि दंडाची ती पावती दोषसिद्धी म्हणून समोर येते. त्याच दिवशी त्याच कबुलीवर कलम ३ खाली ताकीद किंवा कलम ४ खाली बंधपत्र मागता आले असते. कलम ३ ची व्याप्ती मोठी आहे : दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचे सगळे गुन्हे, आणि त्याशिवाय चोरी, घरातली चोरी, नोकराने केलेली चोरी, मृताच्या मालमत्तेचा अपहार आणि फसवणूक ही नावानिशी दिलेली कलमे. अधिनियमात आकडे जुन्या संहितेचे असले तरी सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या (कायद्यांचा अर्थ लावण्याचे सर्वसाधारण नियम देणाऱ्या कायद्याच्या) कलम ८ मुळे ते नव्या संहितेच्या संबंधित कलमांना लागू होतात. चोरीचा माल ५,००० रुपयांच्या आतला, आरोपी पहिल्यांदा दोषी आणि माल परत केला असेल, तर नव्या संहितेच्या कलम ३०३(२) खाली सामाजिक सेवेची शिक्षा आहे. पण तीही शिक्षा आहे हे विसरू नका.

फरक पडतो तो परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ मुळे. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. दंड भरून किंवा ‘भोगलेली शिक्षा’ घेऊन सुटलेल्याला हे संरक्षण नाही. तरीही अशिलाला खोटी आशा देऊ नका. कलम १२ ने दोषसिद्धी पुसली जात नाही. सरकारी नोकरीत असलेल्या माणसावर त्या गैरवर्तनासाठी खात्याची कारवाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात सांगितले आहे. आणि भरतीच्या साक्षांकन नमुन्यात खटल्याची माहिती विचारली असेल तर ती लिहायचीच. दडवणे हे नाकारण्याचे स्वतंत्र कारण होते. अशिलाला आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवायला सांगा, कलम ३ की ४ हे त्यावर स्पष्ट असले पाहिजे.

धनादेश न वटल्याच्या खटल्यांतही हा दरवाजा आता उघडा आहे. २०२५ मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ च्या गुन्ह्याला परिवीक्षा अधिनियमाचा लाभ देता येतो असे म्हटले आहे. भरपाईसह बंधपत्र हा मार्ग तिथे तक्रारदारालाही बरा, कारण तुरुंगात बसलेला माणूस पैसे फेडू शकत नाही.

खालच्या न्यायालयात मागायचे राहिले तरी संपत नाही. कलम ११ नुसार अपील किंवा पुनरीक्षणातही प्रोबेशन देता येते. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. अपिलाच्या मेमोत दोषसिद्धीविरुद्धच्या मुद्द्यांखाली ‘पर्यायाने’ म्हणून प्रोबेशनचा मुद्दा वेगळा लिहा, आणि सोबत कागद जोडा : वयाचा दाखला, मालकाचे पत्र, भरपाई दिली असल्यास पावती. नुसते तोंडी मागितले की ते रोजनाम्यातही उतरत नाही.

शेवटी महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे तीन मागण्या. प्रत्येक जिल्ह्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांची किती पदे मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, हे दर तिमाहीला जाहीर करा. न्यायालयाकडून अहवाल मागितल्याची तारीख आणि अहवाल दिल्याची तारीख अशी नोंदवही ठेवा आणि प्रधान जिल्हा न्यायाधीशांना दरमहा दाखवा. आणि प्रत्येक न्यायालयाच्या दर्शनी भागात जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी लावा, म्हणजे निकालाच्या दिवशी ‘अधिकारी कुठे बसतात?’ हे वकिलाला कोणाला विचारावे लागणार नाही.

आपले,
परिवीक्षा, कारागृह आणि विधी सहाय्याच्या कामातील काही जण